विकलेल्या बैलांचा ताप

दोन हजार तेवीस साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. तोवर मी दवाखान्यात मुक्काम केला नव्हता. एकदा बैलानं मांडीत शिंग घातलं तेव्हा टाके पडले, पण टाके घालून मी चालत घरी आलो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. म्हणजे मोठेपणा आहेच, तो कशाला लपवू. पण पुढं जे झालं ते कळायचं तर माणूस आधी कसा होता ते माहीत पाहिजे. मी हेकट होतो. गावात कुणालाही विचारा.

आमच्या गावाला तिन्ही अंगांनी चाकणच्या कंपन्या लागून आहेत. आमचं वावर गेलं, तिथं आता गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि माझा मुलगा तिथंच शिफ्टला जातो. लहानपणी ज्या बांधावर बसून तो भाकरी खायचा, तिथं आता गळ्यात कार्ड अडकवून आत जातो आणि गेटवरचा वॉचमन त्याची पिशवी उघडून बघतो. त्याला त्याचं काही वाटत नाही. मला वाटायचं, पण मी बोललो नाही, कारण माझ्याकडं घरामागचा पत्र्याचा गोठा होता आणि गोठ्यात दोन बैल होते. एक कोसा, म्हणजे करड्या अंगाचा, आणि एक पांढरा.

नांगराचे नव्हते, घाटाचे होते. घाट म्हणजे जत्रेत बैलगाडे पळवायला केलेली चढाची लांब वाट. आमच्या भागात पळत्या गाड्यावर माणूस बसत नाही. खाली बैल जुंपायचे, सोडायचे, आणि ते आपल्या जिद्दीनं वर जातात. मधे काही वर्षं शर्यतींवर बंदी होती, तेव्हा पुष्कळांनी बैल विकले. मी विकले नाहीत. मुलगा म्हणाला, "तात्या, नुसतं बांधून खायला घालायचं?" मी म्हणालो, "तुलाही घातलंच की."

घाटाच्या बैलाला जत्रांच्या दिवसांत गोचिडीचं औषध मारायचं नाही, अशी आमच्याकडं रीत आहे. औषधाच्या वासानं बैल वैरण टाकतो आणि त्याचा दम तुटतो, असं म्हणतात. खरं खोटं देव जाणे, पण माझ्या बापानं मारलं नाही, मीही मारलं नाही. त्यापेक्षा रोज सकाळी बैलाच्या अंगावरून हात फिरवायचा. कानाच्या आत, शेपटीखाली, मांडीच्या बेचक्यात. बोटाला बारका दाणा लागला की ती गोचीड. ती हळूच ओढायची आणि दोन नखांत धरून फोडायची. काळं रक्त येतं. ते धोतराला पुसायचं आणि पुढं चालायचं. त्यात मला घाण कधी वाटली नाही. बैल मान लांब करून डोळे मिटून उभा राहायचा. माझ्या हाताखाली एवढं निवांत दुसरं कुणी उभं राहिलेलं मला माहीत नाही, बायकोसुद्धा नाही.

त्या साली शिमग्याच्या आधी मला ताप आला. डोकं असं दुखायचं की डोळा वळवला तरी कवटीत दगड सरकल्यासारखा वाटायचा. चाकणातल्या डॉक्टरानं व्हायरल म्हणून सलाईन लावलं. ताप उतरला, परत चढला. मग माझा उजवा हात थरथरायला लागला. चहाची कपबशी हातात वाजायची. चालताना मी एका बाजूला जायचो, जसा दारू प्यालेला जातो. गावात दोनचार जणांना बरंच वाटलं असणार, कारण मी आयुष्यभर दारुड्यांना शिव्या घालत आलो होतो. डाव्या कानात भोंगा सुरू झाला. मी मुलावर ओरडलो, "तुझ्या कंपनीला सांग तो भोंगा बंद करायला."

तो म्हणाला, "तात्या, भोंगा नाही वाजत."

"मला ऐकू येतंय आणि तू सांगतोस नाही वाजत?"

शेजारपाजारचे म्हणाले, म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं. आमच्याकडं हात, पाय, तोंड यांपैकी काहीही बिघडलं की वारं गेलं म्हणतात. मुलगा शिकलेला, त्यानं ते मानलं नाही. त्यानं मला हायवेकडच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या मोठ्या डॉक्टराकडं बसवलं. त्या वेळचं माझं बरंचसं पुसून गेलंय, पण तो डॉक्टर मला लख्ख आठवतो. माणूस वाईट नव्हता, सावकाश बोलायचा.

"आजोबा, आज वार कुठला?"

मी सांगितला. चुकला असेल.

"शंभरातून सात वजा करा. मग त्यातून परत सात."

"कशाला?"

"करून दाखवा ना."

"एवढी मशीन हायत तुमच्याकडं. त्यांना इचारा."

मी चौथीत शाळा सोडली. वजाबाकी मला बाजारात येते, कांद्याची पोती समोर असली तर येते. खुर्चीत बसवून कुणी नुसतं सात सात वजा करायला लावलं तर मला राग येतो. ताप नसता तरी आला असता. मग त्यानं कागद पुढं सरकवला आणि म्हणाला, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मी जन्मात हाताला घड्याळ बांधलं नाही. पेन धरून किती वर्षं झाली होती. हात थरथरत होता. मी एक गोल काढला, तो बटाट्यासारखा झाला. मी पेन परत दिलं.

डॉक्टरानं मुलाला विचारलं, "यांच्या स्वभावात काही बदल झालाय का? चिडचिड, हट्टीपणा?"

मुलगा म्हणाला, "नाही डॉक्टर, ते पहिल्यापासून असेच आहेत."

बायको म्हणाली, "आता जरा कमीच हाय."

डॉक्टर हसला. मलाही हसू आलं असतं, पण माझं तोंड तेव्हा माझ्या ऐकण्यात नव्हतं. त्यानं सांगितलं की हा कंपवात आहे, आणि बरोबर विसरभोळेपणाच्या मोठ्या आजाराची सुरुवात आहे. हे बरं होत नाही. माणूस हळूहळू उतरणीला लागतो, घरच्यांनी सांभाळून घ्यायचं. ताप वेगळा आहे, येऊन जाईल.

म्हणजे माझ्या हेकटपणानंच मला बुडवलं. शांत माणूस असतो तर कुणीतरी म्हटलं असतं, हा असा नव्हता, याला काहीतरी झालंय.

घरी आणलं. मी खाटेवर पडलेला आणि मागं गोठ्यात बैल हंबरत. ते दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नव्हते. मुलानं पाणी ठेवायला हात पुढं केला तर पांढऱ्यानं त्याला भिंतीशी दाबला, आठ दिवस तो बरगडी धरून शिफ्टला गेला. जत्रांचा हंगाम तोंडावर, गिऱ्हाईक आयतं दारात. जुन्नरच्या अंगाचा एक गाडामालक टेम्पो घेऊन आला. डॉक्टर बोलूनच चुकला होता की हा माणूस आता उठायचा नाही. मुलानं बैल दिले. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिले असते. नाही, मी दिले नसते. पण त्यानं दिले ते दुष्टपणानं दिले असं मी म्हणणार नाही.

बायको सांगते, बैल टेम्पोत चढत नव्हते तेव्हा मी आतून त्यांना हाक मारत होतो आणि माझा आवाज आला की ते थांबायचे, म्हणून सुनेनं खोलीचं दार लोटून घेतलं. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवत नाही हे बरं की वाईट, ते मला अजून ठरवता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मला फिट आली आणि मी बेशुद्ध झालो. तेव्हा पिंपरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं कंपवाताचे कागद बघितले, पण ताप का जात नाही हे तिच्या मनात खुटखुटत होतं. पहिल्याच दिवशी तिनं मुलाला विचारलं, "घरी गुरंढोरं आहेत का? कुत्रा वगैरे?"

मुलगा म्हणाला, "नाही मॅडम. काही नाही."

तो खोटं बोलला नाही. गोठा रिकामाच होता. मला वेडा ठरवलं म्हणून बैल गेले, आणि बैल गेले म्हणून मला काय झालंय ते सांगणारं दारात काही उरलं नाही. डॉक्टरीण दुसऱ्या वाटेनं शोधायला लागली. पाठीतून पाणी काढलं, नाना तपासण्या केल्या. त्यात दिवस गेले. माझा डावा कान त्या दिवसांत गेला असं मी धरतो. ती तसं म्हणाली नाही, मी म्हणतो.

बायकोला वॉर्डात फार थांबू देत नव्हते. बोलणं सगळं मुलाशी व्हायचं. एका सकाळी ती डबा घेऊन आली आणि ओल्या फडक्यानं माझं अंग पुसत होती, तेव्हा डॉक्टरीण राउंडला आली. माझा हात वर केलेला होता. काखेत एक काळी खपली होती.

"हे काय आहे, आजी?"

"गोचीड चावली आसंल. वाळत आली आता."

"गोचीड? कुठली गोचीड?"

"बैलांची. लई व्हायची त्यांच्यावर."

"अहो, बैल नाहीत म्हणाले तुमचे चिरंजीव."

"आता न्हाईत. इकले."

"कधी विकले?"

"ह्यांचं डोस्कं फिरलं ना, तवा. कोन बघनार?"

डॉक्टरीण माझ्या तळहातांकडं, तळपायांकडं निरखून बघत राहिली. तिथं फिकट तांबूस डाग होते. माझे तळहात म्हणजे वाळलेलं कातडं, त्यावर डाग कुणाला दिसणार. बायको सांगते, तिनं नर्सला हाक मारून एक कॅप्सूल लगेच सुरू करायला लावली. रक्त तपासायला पाठवलं, पण उत्तराची वाट बघितली नाही. तो गोचिडीचा ताप होता. गोचिडीच्या अंगातला जंतू माणसात शिरतो, आणि कधीकधी मेंदूला सूज आणतो. हात थरथरणं, तोल जाणं, बरळणं, कानातला भोंगा, सगळं त्याचंच. कंपवात नव्हता, वारं नव्हतं, म्हातारचळ नव्हता.

दोन दिवसांत ताप गेला. डोकं मात्र सावकाश निवळलं, जसं गढूळ पाणी घागरीत ठेवलं की खाली खाली बसत जातं. धड शुद्धीत मी पहिलं विचारलं, "बैलांना पाणी दावलं का?"

बायको म्हणाली, "दावलं."

चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात ती माझ्याशी खोटं बोलताना मला कधी सापडली नव्हती. तेव्हाही सापडली नाही. घरी आलो तेव्हा कळलं.

गोठ्यात खाली शेण नव्हतं, वास नव्हता. झाडून धुऊन जागा स्वच्छ केलेली. मी दाराला धरून उभा राहिलो. मुलगा मागं आला.

"तात्या, डॉक्टर म्हणाले होते आता तुम्ही..."

"कुठला डॉक्टर?"

"पहिला."

"आणि दुसरी काय म्हणाली?"

"ती नंतर म्हणाली ना."

तो बरोबर होता. माझ्यापाशी त्याला द्यायला एक शिवीसुद्धा नव्हती.

मला वाटलं होतं, आजार चुकीचा निघाला की माणूस होता तिथं परत येतो. तसं होत नाही. पहिल्या डॉक्टराचं बोलणं घरात मुरलं होतं. दुसरीचं बोलणं वरवर राहिलं. मी म्हणालो भाजीत मीठ नाही, की सून बायकोकडं बघायची आणि बायको माझ्याकडं. मग कुणीतरी मीठ आणून द्यायचं, वाद न घालता. पूर्वी मी रागावलो की घर गप्प व्हायचं. आता मी रागावलो की घर गोळी शोधायचं. सून मोबाइलवर तिच्या आईला सांगायची, "आमच्याकडं जरा तसं आहे ना, लक्ष ठेवावं लागतं." ती दबक्या आवाजात बोलायची, पण माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला उभी राहून. फाटकाला आतून कुलूप लागलं. मी विचारलं तर म्हणाले, चोऱ्या वाढल्यात.

परत दाखवायला नेलं तेव्हा मुलानंच डॉक्टरणीला विनंती केली, "मॅडम, ती घड्याळाची टेस्ट एकदा घेता का?" तिनं कागद दिला. मी गोल काढला. परत बटाटा. आत दोन काटे काढले, ते कुठंही गेले.

ती म्हणाली, "आजोबा, आधी तरी येत होतं का काढता?"

"न्हाई."

"मग आता कसं येणार?" ती हसली आणि मुलाला म्हणाली, "यांचं डोकं ठिकाणावर आहे. हात थोडा थरथरत राहील. कान बहुतेक येणार नाही. बाकी ठीक आहेत."

रिक्षात बसल्यावर मुलानं तो कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "घड्याळ काय जमलं नाही, तात्या."

गोठ्याच्या जागी त्याला खोल्या काढायच्या होत्या. कंपन्यांत कामाला येणारी बीड, लातूर, वाशीमकडची पोरं चौघं चौघं मिळून खोली घेतात. आमच्या आळीत सगळ्यांनी काढल्या. मी त्याला सांगितलं, गोठा पाडायचा नाही, मी बैल परत आणणार आहे. तो म्हणाला, "बघू." बघू हे लहान लेकराला सांगतात आणि वेड्याला सांगतात. मी लेकरू तर नव्हतो. मला त्या वेळी एकच गोष्ट पाहिजे होती, या घरात माझा शब्द परत शब्द व्हावा. बैल दावणीला आले की तो होईल, असं मी धरून बसलो. दुसरी काही वाट मला सुचत नव्हती.

माझा एक जुना दोस्त आहे, नालबंद. त्याच्या बापानं माझ्या बापाच्या बैलांना नाल ठोकले, त्यानं माझ्या. चाकणच्या बाजारात त्याचं दुकान आहे, आता तिथं त्याचा पोरगा गाड्यांचे पंक्चर काढतो. तो मला बघायला आला आणि डाव्या बाजूला बसून बोलायला लागला. मला काही ऐकू येईना. मी सांगितल्यावर उठून उजवीकडं आला.

"डावा गेला का? चांगलं झालं राव. भाभी बोलायला लागली की डावा करायचा."

खूप दिवसांनी कुणीतरी माझी थट्टा केली. घरात माझी कुणी थट्टा करत नव्हतं. मला एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून तोही गप्प झाला, तेव्हा परत वाईट वाटलं.

त्यानंच बातमी आणली होती. निघोज्याच्या बाजूला एका जत्रेत माझे बैल पळणार होते, नव्या मालकाच्या गाड्याला. मी म्हणालो, मला घेऊन चल. तो म्हणाला, पोराला विचार. मी म्हणालो, "पोराला इचारून मी जन्माला आलो का?" सून दुकानात गेली तेव्हा बायकोनं फाटकाचं कुलूप काढलं आणि मी त्याच्या स्कूटरवर मागं बसलो.

घाटावर धुरळा, कर्ण्याचा आवाज, माणसांवर माणसं. माझ्या एका कानाला ते सगळं एकाच बाजूनं आदळत होतं आणि दुसरी बाजू ओस. बैल दिसले. शिंगं रंगवलेली, अंगावर चांगली तकाकी. नवा मालक भला माणूस. मला बघून पुढं आला, पाया पडला.

"या म्हातारबा. तुमचंच बैल हायत. आज तुमच्या हातानं सोडू."

भोवतीची माणसं बाजूला झाली. माझ्या गावचेही काहीजण होते. मी मनात म्हणालो, हेच पाहिजे होतं. यांच्या डोळ्यांदेखत गाड्याची ही एक बारी, म्हणजे पळायची पाळी, नीट सुटू दे, मग बघू कोण मला बघू म्हणतंय.

मी कोशाजवळ गेलो. त्यानं मान लांब केली आणि माझ्या छातीला नाक लावलं. श्वास सोडला, तो माझ्या सदऱ्यातून आत गेला. मी वेसणीला हात घातला.

आता हे सांगितलं पाहिजे. बैल सोडायची प्रत्येकाची आपली खूण असते. कुणी आरोळी देतो, कुणी पाठीवर थाप मारतो. मी त्यांना वासरं असल्यापासून एकच शिकवलं होतं. वेसणीला बोटांतून बारीक थरकाप द्यायचा, दुसऱ्या कुणाला दिसणारसुद्धा नाही असा. तो लागला की सुटायचं, मागं बघायचं नाही. माझ्या हाताला आता तो थरकाप कायमचा लागलेला होता.

कोशानं कान टवकारले आणि सुटला. पांढरा अजून जुंपायचा होता, त्याच्या गळ्यात नुसता अर्धा साज. तो त्याच्यामागं ओढला गेला, गाडा आडवा झाला, जुंपणाऱ्यांतला एकजण चाकाशी पडला. त्याच्या पायावरून चाक गेलं नाही, एवढीच मेहरबानी. बैल धुरळ्यात तिरके वर गेले आणि लोकांनी ते कसेबसे अडवले. मी मातीत बसलो होतो. कसा बसलो ते कळलं नाही.

कर्ण्यावरून आवाज आला, "म्हाताऱ्या माणसांनी बैलांपाशी जाऊ नये, ही कमिटीची विनंती आहे."

नवा मालक मला उठवायला आला. त्यानं तोंड वाकडं केलं नाही. "जाऊ द्या म्हातारबा. जनावर हाय. विसरलं तुमाला."

तो मला समजावत होता. पण बैल मला विसरला नव्हता. विसरला असता तर उभा राहिला असता. त्यानं माझा हात ओळखला आणि माझंच ऐकलं, आणि या जगात माझं ऐकणारं तेवढं एक उरलं होतं. त्याला मी काय सांगू, की हा मी नव्हे, ही गोचीड आहे?

नालबंदानं मला घरी आणलं. फाटकाशी स्कूटर थांबवून म्हणाला, "पाणी पी अन् झोप जा." थट्टा केली नाही.

मुलाच्या मोबाइलवर घाटातला व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता. तो कामावरून आला, बूट काढले, आत येऊन माझ्याजवळ बसला. मी तयार होतो. मी वाट बघत होतो की तो ओरडेल. माणूस मेला असता, माझं नाक कापलंत, असं काहीतरी बोलेल, मग मी बोलेन, दोघं भांडू. बापलेकाचं भांडण म्हणजे निदान दोन माणसांचं असतं.

तो म्हणाला, "कुठं लागलं नाही ना तात्या?"

"न्हाई."

"जेवा मग. आईनं पिठलं केलंय. जास्त तिखट नाही."

दवाखान्यात नर्स ज्या आवाजात बोलायच्या तो आवाज होता. सुनेनं ताट आणलं, त्यात चमचा ठेवलेला. मी हातानं जेवतो हे तिला माहीत होतं, पण हात थरथरतो म्हणून ठेवला होता. मी चमच्यानं जेवलो. बायको समोर बसून माझ्याकडं बघत होती, आणि मी चमचा उचलला तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. माझ्यातलं काय गेलं ते तिला तेव्हा कळलं असावं. मला आधीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा लवकर उठलो, पहार घेतली आणि गोठ्यात जाऊन बैलांचे खुंटे उपटायला लागलो. पांढऱ्याचा निघाला. कोशाचा खोल होता, बाभळीचा, मीच ठोकलेला. पहार लावली की हात थरथरायचा आणि ती निसटायची. मुलगा शिफ्टला निघाला होता, गळ्यात कार्ड, खांद्याला पिशवी. आवाज ऐकून मागं आला.

"तात्या, हे काय करताय?"

"पत्रे कधी काढतोस?"

"काय?"

"खोल्या काढायच्यात ना? मिस्त्रीला बोलव. माझी हरकत न्हाई."

मग वळून त्यानं त्याच्या बायकोला हाक मारली, "अगं, तात्या हो म्हणाले." सून दारात आली आणि म्हणाली, "बरं झालं तात्या, तुम्हीच म्हणालात ते." किती दिवसांनी ती माझ्याशी दबक्या आवाजात बोलली नाही. त्या घराच्या लेखी माझं डोकं ठिकाणावर आलं ते तेव्हा.

रस्त्यावर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. मुलानं पिशवी खाली ठेवली, पहारीला हात लावला, आणि आम्ही दोघांनी जोर करून खुंटा उपटला. तो बसकडं पळाला. मी पायानं माती लोटून खड्डा बुजवला आणि हात धुवायला गेलो.